ठणठणीत गाय आणि शेणातले जंतू: कोण टाकतं, केव्हा टाकतं

राहाता तालुक्यातल्या एका गोठ्यावरून प्रश्न आला आहे. लहानमोठी मिळून २२ जनावरं, बहुतेक एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. उन्हाळ्यात पाठोपाठ तीन वासरं हगवणीने गेली आणि तपासणीत साल्मोनेला निघाला. मग गाईंचं शेण तपासलं तर दोन गाईंतही तोच जंतू. या दोघी व्यवस्थित खातात, ताप नाही, दुधाला कमी नाहीत. या दोन गाई विकल्या तर गोठा साफ होईल का, असं विचारलं आहे.

होणार नाही. अहवालाचा अर्थ एवढाच की नमुना घेतला त्या दिवशी या दोघी शेणातून जंतू टाकत होत्या. पंधरा दिवसांनी तपासलं तर या स्वच्छ निघतील आणि तिसरीच सापडेल, असं नेहमी होतं. निरोगी दिसणारी गाय जंतू सतत टाकत नाही. काही दिवस टाकते, थांबते, पुन्हा टाकते. आणि विकलेली गाय कोणाच्या तरी दावणीला जाणारच, तिथेही वासरं असणार. टेम्पोतला प्रवास, बाजारात दिवसभर उपाशी उभं राहणं, नव्या गोठ्याची धास्ती यांनी तिचं जंतू टाकणं वाढण्याचीच शक्यता जास्त. माहीत असून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारणं मला पटत नाही. दोघींना ठेवा, त्यांची धार सगळ्यात शेवटी काढा, वासरांपासून लांब बांधा, आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा तरी पुन्हा तपासा. विकायचा निर्णय त्यानंतरही घेता येतो.

माझा अनुभव असा की अशा गोठ्यात 'कोणती गाय' हे शोधण्याआधी 'केव्हा' हे शोधावं. कोण कधी व्याली, खुराक कधी बदलला, नवं जनावर कधी आणलं, कोणाला कोणतं औषध दिलं, वासरं कधी एकत्र केली, या तारखा एका कागदावर ओळीने मांडा. पहिलं वासरू हगायला लागलं त्याच्या आधीच्या महिन्याभरात यातलं काय काय झालं ते बघा. बहुतेक वेळा दोन-तीन गोष्टी एकाच आठवड्यात आलेल्या दिसतात.

आधी एक गैरसमज काढतो. गाय निरोगी म्हणजे तिच्या शेणात घातक जंतू नाही, हे गृहीतच चुकीचं आहे. ई. कोलाय ओ-१५७ हे त्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण. हा जंतू माणसाला घातक असल्याचं १९८२ मध्ये अमेरिकेत ओळखलं गेलं. गाईला तो काही करत नाही, कारण त्याचं विष ज्या रेणूला चिकटून रक्तवाहिन्या खराब करतं तो रेणू गाईच्या रक्तवाहिन्यांत नसतो. माणसाच्या मूत्रपिंडात मात्र तो भरपूर असतो. या जंतूची गाईतली मुख्य वस्ती आतड्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, गुदद्वाराच्या थोडं आत असते, हे स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. त्यामुळे शेण बाहेर पडताना त्याला हा जंतू लागतो. काही जनावरं एका ग्रॅम शेणात १०,००० हून जास्त जंतू टाकतात. एचएफ गाईचं दिवसाचं शेण ३० किलो धरलं तर हा आकडा ३० कोटींवर जातो, आणि लहान मुलाला आजारी पाडायला शंभराहून कमीही पुरतात. कळपातले बहुसंख्य जंतू अशा मोजक्या जनावरांकडून येतात, पण ती जनावरंही कायम तशी राहत नाहीत. आज भरपूर टाकणारी गाय महिन्याने जवळजवळ काहीच टाकत नाही.

आता साल्मोनेलाकडे येतो, कारण तुमचा प्रश्न त्याचा आहे. गाईच्या बाबतीत सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे विण्याआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन आठवडे. या काळात प्रतिकारशक्ती उतरते, भूक मंदावते, आणि नेमका याच वेळी आपण खुराक झपाट्याने वाढवतो. रुमेनमध्ये, म्हणजे गाईच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबून जी आम्लं तयार होतात ती साल्मोनेलाला वाढू देत नाहीत. गाय एक-दोन दिवस नीट खाल्ली नाही की ही आम्लं कमी पडतात आणि आत दबून बसलेल्या जंतूला मोकळं रान मिळतं. मिल्क फीव्हर (व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम घसरणं), वार अडकणं, अवघड वेत, व्याल्यावर अंगात ताप, यातलं काहीही झालं की भूक जाते आणि पुढची साखळी सुरू होते. पहिलारू गाईकडे विशेष लक्ष द्या. तिची वाढ अजून चालू असते, वेत नवं असतं, आणि मोठ्या गाईंच्या दावणीला आणली की त्या तिला गव्हाणीला नीट टेकू देत नाहीत.

यात भर म्हणजे व्यायची जागा. आपल्याकडे कितीतरी गोठ्यांत आजारी जनावर बांधायचा कोपरा आणि गाय व्यायचा कोपरा एकच असतो, कारण तेवढी एकच जागा मोकळी असते. लंगडणारी, हगणारी, गाभडलेली गाय तिथे चार दिवस असते, ती उठली की व्यायला आलेली तिथे येते. गोठ्यात पैसे खर्च न करता करता येण्यासारखी एक गोष्ट मला विचारली तर मी हीच सांगेन: या दोन जागा वेगळ्या करा. व्यायची जागा कोरडी हवी, प्रत्येक वेतानंतर जुना पाचट-भुसा उचलून नवा टाकलेला हवा, आणि तिथे आजारी जनावर कधीही बांधायचं नाही.

वासरू उभं राहिलं की काय करतं ते एकदा शांतपणे बसून बघा. सड कुठे आहे हे त्याला माहीत नसतं. ते आईच्या पुढच्या पायात तोंड खुपसतं, मग पोटाखाली, मग मागच्या मांडीवर वाळलेल्या शेणाच्या पापुद्र्यावर जीभ फिरवतं, शेपटीचा गोंडा चोखतं, आणि या सगळ्यानंतर सड सापडतो. चिकाचा पहिला घोट जाण्याआधी शेण तोंडात गेलेलं असतं. गाय आधीचे दहा-बारा दिवस कोरड्यात बसली असेल आणि विण्याच्या वेळी कास, मांड्या, शेपटी धुऊन पुसून घेतली असेल तर यातलं बरंच टळतं. दुसरं म्हणजे चीक. वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत अजूनही घराघरात आहे, आणि तिने किती वासरं घेतली असतील याची गणती नाही. ३०-३५ किलोच्या संकरित वासराला पहिल्या दोन तासांत तीन ते चार लिटर चीक गेलाच पाहिजे. वार तिच्या वेळेने पडेल. जसजसे तास जातात तसतशी चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषून घ्यायची आतड्याची ताकद संपत जाते, आणि दिवसभराने ती जवळजवळ राहतच नाही.

साल्मोनेलाचा फटका साधारण दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यातल्या वासरांना जास्त बसतो, आणि हगणारं वासरू जंतूंचा कारखाना असतं. तुमची तीन वासरं पाठोपाठ गेली याचा अर्थ पहिल्याकडून दुसऱ्याला मिळालं, असंच मी धरेन. एकाच बादलीने सगळ्यांना दूध पाजणं, तोच माणूस आधी आजारी वासराला आणि मग धडधाकट वासराला हात लावणं, दोन महिन्यांचं आणि पाच दिवसांचं वासरू एकाच दाव्याला बांधणं, या तीन वाटा आधी बंद करा. क्रम असा ठेवा: सगळ्यात लहान वासरं आधी, मोठी नंतर, आजारी शेवटी. ई. कोलाय ओ-१५७ च्या बाबतीत दूध तोडल्यानंतरची वासरं आणि कालवडी मोठ्या गाईंपेक्षा जास्त जंतू टाकतात. दूध तुटतं, चारा नवा, जागा नवी, सोबतची जनावरं नवी, सगळं एकाच वेळी. दूध तोडायचा आणि गट बदलायचा आठवडा एक नको.

औषध चालू असलेल्या गाईचं दूध डेअरीला देता येत नाही म्हणून वासरांना पाजतात. ते बंद करा. त्या दुधात औषधाचा अंश असतो. वासराच्या आतड्यातले साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे उरतात. हेच मोठ्या गाईलाही लागू आहे. तोंडाने दिलेल्या अँटिबायोटिकने आतड्यातला चांगल्या जंतूंचा पहारा उठतो आणि साल्मोनेला टाकणं उलट लांबतं. म्हणून तुमच्या त्या दोन ठणठणीत गाईंना 'जंतू निघालाय म्हणून' इंजेक्शनं किंवा गोळ्या देऊ नका. वाहक गाय, म्हणजे स्वतः आजारी न दिसता जंतू बाळगणारी, औषधाने साफ होईल असा भरवसा नसतो. तापाने फणफणलेलं, डोळे खोल गेलेलं वासरू वेगळं. तिथे सलाइन आणि औषध दोन्ही लागतात आणि ते डॉक्टरांनीच ठरवावं.

चाऱ्याबद्दल थोडं जपून बोलतो, कारण इथे सोपी उत्तरं फार फिरतात. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की धान्याचा भरपूर खुराक खाणाऱ्या गुरांच्या शेणात आम्ल सोसणारे ई. कोलाय जास्त असतात आणि थोडे दिवस वाळल्या चाऱ्यावर ठेवलं की ते घटतात. त्यावरून 'खुराक बंद, फक्त वाळला चारा' असा सल्ला जगभर पसरला. पण नेमक्या ओ-१५७ वर नंतर जे प्रयोग झाले त्यांत तसं ठामपणे दिसलं नाही. एका प्रयोगात तर वाळल्या चाऱ्यावरच्या जनावरांनी तो जास्त दिवस टाकला. माझं मत असं की कोणता चारा यापेक्षा चारा किती झटक्यात बदलला हे दुभत्या गाईत जास्त महत्त्वाचं. ऊसतोड सुरू झाली की आठवड्यात मुरघास (हवाबंद आंबवलेला हिरवा चारा) बंद आणि दावणीला नुसतं वाढं (उसाचे शेंडे). वाढं संपलं की पुन्हा उलट. व्यालेल्या गाईला चौथ्या दिवशी सहा किलो गोळी पेंड. अशा बदलाला दहा-बारा दिवस द्या, खुराक रोज थोडा थोडा वाढवा, आणि गव्हाण कोणत्याही वेळी पूर्ण रिकामी राहू देऊ नका.

मुरघासाचा धोका निराळा आहे, तो लिस्टेरियाचा. नीट दाबून हवाबंद केलेल्या मक्याच्या मुरघासाचा सामू (पीएच, जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४ च्या आसपास येतो आणि तिथे लिस्टेरिया वाढत नाही. पण बॅगेला उंदराने भोक पाडलं, तोंड नीट बांधलं नाही, की त्या जागी हवा शिरते, सामू ५ च्या वर जातो, बुरशी येते आणि हा जंतू वाढतो. आपल्याकडे बॅगेतला मुरघास वाढल्यापासून ही अडचण जास्त दिसते. भोकाभोवतीचा काळपट, गरम लागणारा थर 'थोडाच आहे' म्हणून कुट्टीत मिसळतात. तो बाजूला काढून टाका, आणि गाभण गाईला तर चुकूनही देऊ नका. लिस्टेरियाने गाय गाभडते, काहींना मान वाकडी होऊन गोल फिरायचा आजार होतो, आणि काही जणी लक्षण न दाखवता शेणातून, क्वचित दुधातूनही तो टाकत राहतात.

पाण्याच्या हौदात कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपून बघा. वर पाणी नितळ दिसतं, तळाशी बोटांना बुळबुळीत गाळ लागतो: लाळ, कुट्टी, पेंडीचे कण, पक्ष्यांची विष्ठा. ई. कोलाय ओ-१५७ या गाळात कित्येक महिने जगतो आणि तिथून पुन्हा गाईंच्या पोटात जातो. गाय महिन्यापूर्वी जंतू टाकायची थांबली असली तरी हौद तिला आणि बाकीच्यांना तोच जंतू परत पाजत असतो. मुक्त संचार गोठ्याचा, म्हणजे जनावरं न बांधता मोकळी ठेवण्याचा, मी पुरस्कर्ता आहे, गाईला तिथे आराम मिळतो, पण सगळी जनावरं एकाच हौदावर येतात हे विसरता येत नाही. आठवड्यातून एकदा हौद पूर्ण रिकामा करून खराट्याने घासायचा आणि उन्हात कोरडा होऊ द्यायचा, चुना त्यानंतर. तळाला खालच्या बाजूने पाणी सोडायचं भोक ठेवलं असेल तर हे काम पंधरा मिनिटांचं आहे. नसेल तर कोणी करत नाही, हे मी पाहिलंय.

जमिनीचंही तसंच. पाइप लावून शेण वाहून नेणं दिसायला स्वच्छ वाटतं, पण अमेरिकेतल्या दुग्ध कळपांच्या १९९० च्या दशकातल्या पाहणीत, ज्या गोठ्यांत शेण पाण्याच्या लोंढ्याने धुतलं जात होतं तिथे ओ-१५७ सापडण्याचं प्रमाण बाकीच्यांच्या कितीतरी पट होतं. पाणी जंतू नेतं तसं पसरवतंही. शेण आधी फावड्याने उचला, मग गरजेपुरतं धुवा, आणि नाली वासरांकडून गाईंकडे जाईल असा उतार ठेवा, उलटा नको. शेणाच्या थरावर ब्लीचिंग पावडर भुरभुरणं म्हणजे पावडर वाया घालवणं, कारण शेणच ती खाऊन टाकतं. जमीन घासून कोरडी झाल्यावर ती काम करते. ऊन आणि कोरडेपणा हे तुमच्याकडे फुकट आहेत, त्यांचा उपयोग करा. थंड देशांत जनावरं उन्हाळ्यात जास्त जंतू टाकतात अशा नोंदी आहेत. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये गाय धापा टाकते, चारा कमी खाते, हौदाचं पाणी कोमट होतं; जून-जुलैत चिखल होतो. दोन्ही ऋतूंत दाटीने बांधणं टाळा.

बाहेरून आणलेली गाय हा आणखी एक मोठा विषय. लोणी, घोडेगाव, काष्टी, सांगोला, कोणत्याही बाजारातून गाय आणताना आपण कास बघतो, सड बघतो, दात बघतो, दोन वेळची धार काढून बघतो. ब्रुसेलोसिस (ब्रुसेला जंतूने गाय गाभडण्याचा रोग) असलेली गाय यातल्या कशातच कमी पडत नाही. ती बहुधा एकदाच, गाभणपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात गाभडते. पुढची वेतं वरवर नीट होतात, पण वेताच्या वेळच्या स्रावातून आणि दुधातून ती जंतू टाकत राहते. जोन्स रोगात तर वासरू पहिल्या काही महिन्यांत शेणातून किंवा चिकातून जंतू घेतं, दोन ते पाच वर्षं काही कळत नाही, आणि पातळ हगवण लागून गाय खंगायला लागते त्याच्या किती आधीपासून ती शेणातून जंतू टाकत असते. म्हणून नवी गाय आली की तीन-चार आठवडे वेगळी बांधा, ब्रुसेलाची रक्ततपासणी करून घ्या आणि जोन्ससाठी डॉक्टरांना विचारा. घरच्या कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस एकदा टोचून घ्या. २०१९ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ती मोफत आहे. ती फक्त मादी वासरांना, आणि जिवंत जंतूंची असल्यामुळे प्रशिक्षित माणसानेच टोचायची.

तुमचा भाग कालव्याचा आहे म्हणून विचारतो: जनावरं पाटाच्या कडेचं ओलं गवत खातात का? गोगलगाईंमधून येणारा यकृतकृमी असलेल्या कळपात साल्मोनेला डब्लिन या गुरांच्या प्रकाराचे वाहक जास्त राहतात, हे युरोपात चांगलं नोंदलं गेलंय. शेणाच्या नमुन्यात यकृतकृमीची अंडीही तपासायला सांगा. डेन्मार्कने तर या एका साल्मोनेलासाठी २००२ पासून टाकीतल्या एकत्र दुधात या जंतूविरुद्धची प्रतिपिंडं (शरीराने तयार केलेली रोगप्रतिकारक द्रव्यं) तपासून कळपांची वर्गवारी सुरू केली. आपल्याकडे तशी सोय नाही, तरी गाय न बघता गोठा बघायची ही पद्धत आपल्यालाही शिकण्यासारखी आहे.

शेण गोठ्याबाहेर गेलं की प्रश्न तुमच्या घरापुरता राहत नाही. कॅनडातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये जोरदार पाऊस झाला आणि जवळच्या शेतातल्या शेणखतातले ओ-१५७ आणि कॅम्पायलोबॅक्टर हे हगवणीचे जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन नीट पडत नव्हतं. ७ माणसं गेली, २,३०० च्या आसपास आजारी पडली. चौकशीत त्या शेतकऱ्याला दोष दिला गेला नाही, त्याने खत रीतसर टाकलं होतं. आपल्याकडे गोठा, उकिरडा आणि पिण्याची विहीर कितीदा एकाच बांधावर असतात, आणि उतार विहिरीकडेच असतो. पावसाळ्याआधी उकिरडा हलवा किंवा मध्ये चर खणा. गोबरगॅसमधून निघालेल्या स्लरीत जंतू कमी होतात, संपत नाहीत. कच्चं शेण, स्लरी किंवा जीवामृत मेथी-कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीवर काढणीच्या तोंडावर टाकू नका. खताचा ढीग आतून ५५ अंशांवर किमान तीन दिवस तापला आणि मधून उलथला गेला तर तो बराच सुरक्षित होतो.

घरातल्यांसाठी तीन गोष्टी. धारोष्ण दूध कोणालाच नको, गरोदर बाईला आणि लहान मुलाला तर नकोच. गाय गाभडली किंवा वार अडकली तर हातमोज्याशिवाय हात घालू नका, आणि घरात गरोदर बाई असेल तर ती त्या कामाजवळही नको. आणि मुलाला रक्ताची हगवण लागली, लघवी कमी झाली, चेहरा फिका पडला, तर घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या आणि घरी गाई आहेत हे आपण होऊन डॉक्टरांना सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पुढच्या तपासणीसाठी: नमुना जमिनीवरून उचलू नका, मोज्याचा हात घालून गुदाशयातून ताजं शेण घ्या, प्रत्येक गाईला नवा मोजा. २०-२५ ग्रॅम पुरेसं आहे, अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घ्यायला हवं, बर्फाच्या डब्यात ठेवा पण गोठवू नका, आणि एका दिवसात पोचवा. गाईंसोबत व्यायच्या जागेतला पाचट, हौदाच्या तळाचा गाळ, वासरांच्या दाव्याजवळची माती आणि नालीच्या तोंडाचं पाणी, असे चार नमुने वेगळ्या बाटल्यांत द्या. गाईंचे सगळे नकारात्मक आले आणि हौदाचा सकारात्मक आला, तर काम कुठे करायचं ते तिथेच कळतं. औंध, पुण्यातल्या रोग अन्वेषण विभागात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी फोन करून विचारा, आणि नमुन्यासोबत त्या तारखांचा कागदही जोडा.